करोंदिया टापूवरचा पहिला प्लॉट

प्रति,
मा. प्रशासक,
जलविहार निवृत्त कर्मचारी गृहनिर्माण सहकारी संस्था,
शाहपुरा, भोपाळ.

अर्जदार : नरहर विष्णू पांढरीपांडे, निवृत्त फोरमन, राहणार प्लॉट क्रमांक १, करोंदिया टापू.

विषय : अर्जदारास संस्थेच्या दप्तरी मयत समजून त्याच्या पत्नीस टेकडीवरचा प्लॉट पावसाळ्यापूर्वी देण्याबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे हिंदी अर्ज, ज्यांस उत्तर नाही.

महोदय,

आपण मूळचे अकोल्याचे, असे बिट्टन मार्केटात भाजी घेताना कानावर आले. म्हणून हा अर्ज मराठीत करण्याचे धाडस अर्जदार करीत आहे. हिंदीत अर्जदाराचा संताप नीट उतरत नाही.

१. अर्जदाराचा उभा जन्म कारखान्याच्या टाउनशिपमध्ये गेला. निवृत्तीबरोबर क्वार्टर गेले, तेव्हा निवृत्त मंडळींनी मिळून धरणाच्या जलाशयातला करोंदिया टापू घेतला. तो पाहायला सर्वजण मे महिन्यात गेले. पाणी आटलेले होते, जीप थेट टेकडीच्या पायथ्याशी जाऊन थांबली. समोर गवत, पलीकडे निळे पाणी, वर गार वारा. शाहपुरा तलावाकाठच्या बंगल्यांचा मान सर्वांना ठाऊक होता, त्यामुळे काठावरच्या जागेकडे पाहून एकेकाच्या तोंडाला पाणी सुटले. हाच टापू श्रावणात कसा दिसतो ते पाहावे, असे त्या जीपमधल्या एकाही इंजिनिअराला सुचले नाही.

२. वाटप टाउनशिपच्या रीतीप्रमाणे सेवाज्येष्ठतेने झाले. तेथे क्वार्टर ज्येष्ठतेने मिळे, गणपतीत आरतीचे तबक ज्येष्ठतेने फिरे आणि विश्वकर्मा पूजेची जिलबीसुद्धा ज्येष्ठतेनेच वाढली जाई. संस्थेचे उपविधी अर्जदाराने स्वतः लिहिले. सर्वांत ज्येष्ठास काठावरचा पहिला प्लॉट, मग क्रमाने वर वर, आणि सर्वांत कनिष्ठास टेकडीच्या माथ्यावर, करवंदीच्या जाळ्यांत. अदलाबदलीस मनाई. ही मनाई घालावी लागली, कारण अर्जदाराच्या हाताखालचा फिटर दिलीप निखाडे काठावर जागा मिळवण्याच्या गोष्टी करू लागला होता. शिवाय सभासद मयत झाल्यास त्याची ज्येष्ठता पत्नीस मिळणार नाही, ती नवीन सभासद धरून यादीच्या शेवटी टाकली जाईल, असेही कलम घातले. नवऱ्याच्या नोकरीवर बायकांनी पहिल्या रांगेत बसू नये, एवढाच हेतू होता. कलमाची भाषा निर्दोष आहे. आजही त्यातला काना-मात्रा बदलावा असे अर्जदारास वाटत नाही.

३. पहिल्याच पावसाळ्यात धरण भरले आणि जलाशय अर्जदाराच्या ओट्यावर आला. पुढे तो न विचारता स्वयंपाकघरात गेला. अर्जदाराची पत्नी शशिकला हिचे गुडघे संधिवाताने धरलेले आहेत. तिला खाटेवर बसवून खाटेखाली विटा लावल्या, मग विटांवर विटा लावल्या. सबंध भाद्रपद तिने त्या खाटेवर काढला. कुकर तिच्या मांडीवर असे. रात्री साप खांबाला विळखा घालून बसत, आणि त्यांना हाकलण्याइतकी कोरडी जागा अर्जदाराच्या पायाखाली नसे.

४. तेव्हा अर्जदार गुडघाभर पाण्यातून वर दिलीपकडे गेला. दिलीप तोवर संस्थेचा अध्यक्ष झाला होता. पत्नीला पाणी ओसरेपर्यंत व्हरांड्यात बसू द्यावे, एवढीच विनंती केली. व्हरांड्यात गावच्या बकऱ्या बांधलेल्या होत्या. दिलीप म्हणाला, "साहेब, बकऱ्या आधी आल्या ना, तर पहिला नंबर त्यांचाच लागेल. रूल तर तुमचाच आहे, मी कोण तोडणारा?" त्याच्या घरातले सगळे हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा तो म्हणाला ते बरोबर होते, याचे अर्जदारास जास्त लागले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करावी?

५. प्लॉट विकून मोकळे व्हावे, तर टापूवर शाळा नाही, डॉक्टर नाही, नाववाल्याची मर्जी नसली तर नावही नाही. एक गिऱ्हाईक आले होते. खाटेवर पाय वर घेऊन पोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला आणि प्लॉट कोठे आहे असे विचारले. अर्जदाराने पाण्याकडे बोट दाखवले. गृहस्थ नावेत बसेपर्यंत अदबीने वागले, नाव सुटल्यावर मात्र त्यांना हसू आवरले नाही. अर्जदाराचा मुलगा उदय अयोध्या नगरात राहतो. त्याच्याकडे जावे, तर त्याचे सासरे तेथे आधीपासून आहेत. ते डेप्युटी मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे आतली खोली त्यांची. उदय म्हणाला, "बाबा, ॲडजस्ट नाही होणार. तुम्ही गर्मीत या ना." उन्हाळ्यात अर्जदाराचे घर कोरडेच असते, हे त्याला सांगून उपयोग झाला नाही.

६. प्लॉट क्रमांक २ चे विश्वनाथ टोकेकर गेल्या पावसाळ्यात तापाने गेले. नाववाला पुरात नाव घालीना. त्यांची पत्नी विजयाबाई कलमाप्रमाणे नवीन सभासद झाल्या, यादीत शेवटी गेल्या आणि तेराव्याच्या आत माथ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवरील खोलीत राहायला गेल्या. तेथे त्यांचे पापड वाळतात. शशिकला खाटेवरून ते पापड पाहत असे.

७. तेव्हापासून तिचे वागणे बदलले आहे, हे येथे नमूद करणे भाग आहे. पूर्वी ती अर्जदारास रक्तदाबाच्या गोळीची आठवण करी. आता करीत नाही. मिठाचे प्रमाण वाढले आहे. परवा तिने सहज विचारले की, विश्वनाथरावांना शेवटी फार त्रास झाला का. अर्जदार नाही म्हणाला. त्यावर तिने "बरं झालं" म्हटले आणि तांदूळ निवडू लागली. अर्जदारास तिचा राग येत नाही. तिची भीती मात्र वाटते, आणि बायकोची भीती वाटावी याची लाजही वाटते.

८. म्हणून अर्जदाराने सभेत ठराव मांडला की त्यास केवळ दप्तरी मयत समजावे. दिलीप म्हणाला, "कागदावर मेलेलं नाही चालणार साहेब. उद्या सगळेच मरून वर येतील." सभेने टाळ्या वाजवल्या. शशिकला सभेस हजर होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत, हे खरे. पण माथ्यावर खोल्या किती रिकाम्या आहेत, हे तिने त्याच सभेत विचारून घेतले.

तरी विनंती की नियमास धक्का न लावता अर्जदारास मयत घोषित करावे. मयत झाल्यावर अर्जदार मत देणार नाही, सभेत बोलणार नाही, आरतीचे तबक मागणार नाही. पत्नीच्या घरी एका कोपऱ्यात पाहुण्यासारखा राहील. आकाशात ढग येऊ लागले आहेत आणि पत्नीने या वर्षी विटा मागितलेल्या नाहीत. हुकूम लवकर व्हावा.

आपला, आजमितीस हयात,
(सही)
नरहर विष्णू पांढरीपांडे
करोंदिया टापू, ४ जून १९९७

सोबत :
(अ) श्रीमती विजया टोकेकर यांना प्लॉट दिल्याच्या हुकमाची नक्कल.
(आ) खाटेवर बसलेल्या पत्नीचा फोटो, भाद्रपदातला.
(इ) अर्जदार मयत होण्यास पत्नीचे ना-हरकत पत्र. अर्जदार मागायला गेला तेव्हा ते लिहून तयार होते. त्यात 'केवळ दप्तरी' हे शब्द नाहीत. ते घालावेत असे अर्जदाराने तिला सांगितले, तेव्हा तिने पेनाला टोपण लावले.