आजारी पाडलेली झाडं

नँगवॉरी,
२ डिसेंबर १९९१

लाडक्या रोवेनास,

इकडे सगळं ठीक. पर्थला उकाडा सुरू झाला असेल, दवाखान्यातल्या धावपळीत पाणी प्यायला विसरू नकोस.

या आठवड्यात आम्ही सापळ्याची झाडं करतोय. पाइनच्या बुंध्याला कुऱ्हाडीने खाचा पाडून विष ओतायचं. झाड हळूहळू आजारी पडतं आणि उन्हाळ्यात खोड पोखरणाऱ्या गांधीलमाश्या बाकीचं रान सोडून त्याच्याकडे येतात. घाई केली तर माश्या यायच्या आत झाड वाळून जातं. उशीर केला तर ते हिरवंगार राहतं आणि कुणी फिरकत नाही. इतक्या वर्षांत माझा अंदाज फारसा चुकलेला नाही.

सोबत डॅरल होता. म्हणाला, "लेन, आजारी पाडण्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

मी हसलो नाही. त्याला मागच्या वर्षीचं ठाऊक आहे.

छातीत दुखतंय म्हणून तुला कळवलं होतं ना, तेव्हा दुखत नव्हतं. तू नर्सिंगची परीक्षा सोडून विमानाने, मग बसने आलीस, आणि मी छपरावर पत्रे ठोकत होतो. फाटकातूनच म्हणालीस, "बाबा, खाली उतर. कुठे दुखतंय ते दाखव." सकाळीच थांबलं, असं मी सांगितलं आणि तेच धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तुझं एक वर्ष वाया गेलं. मी खोटं बोललो, रो. हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

जेवताना डॅरलने विचारलं, "तिला कधी नुसतं ये म्हणालास का रे?"

नाही म्हणालो. तुझी आई गेल्यापासून मला वाटत आलं, काही निकड असल्याशिवाय या रानात कोण कशाला येईल? पण तुझी फार आठवण येते. संध्याकाळी बस थांबली की मी उगाच रस्त्यापर्यंत जाऊन येतो. ड्रायव्हर आता हात करतो.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. काही नाही. छप्पर गळत नाही, कुत्रा बरा आहे, शेजारीपाजारी कुणाचं लग्न नाही. तुला बोलवायला एकही कारण सापडत नाही, मी खूप शोधलं.

तरी ये.

तुझा धडधाकट बाप,
लेन