सात ऑगस्टला आओमोरीत आम्ही तिघं

२ जून, सोमवार. किंग्ज बर्थडेची सुट्टी. सकाळी ९.१०

ठरलं. जपान!

पण टोकियो नाही. टोकियो अभिषेकसारख्यांसाठी. मी आणि तो एकाच वर्षी न्यूझीलंडला शिकायला आलो, पण त्याची झेप टोकियोपलीकडे गेली नाही. शनिवारी न्यू लिनला त्याच्याकडे जेवायला गेलो तर आधी सहाशे बारा फोटो, मग जेवण. वरण गार. मी फोटो मोजत होतो म्हणून आकडा पक्का.

आपण उत्तरेला जायचं. तोहोकु. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथे गावोगाव उत्सव. आओमोरी गावात नेबुता. म्हणजे कागदाचे अजस्र योद्धे, आत दिवे, रथावरून मिरवणूक, मागे ढोल आणि हजारो लोक उड्या मारत नाचतात. पोशाख घातला की कुणीही नाचू शकतं. कुणीही! मी सांगलीच्या गणपतीत सलग तीन वर्षं नाचलोय. (दोन. तिसऱ्या वर्षी कावीळ.)

दुपारी २.४०

बायको, म्हणजे सुलेखा, हॉस्पिटलच्या फार्मसीतून आली. सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी. तिला फोटो दाखवले. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली की साठवलेली सगळी रजा टाकते, हे मला खरंच बघायचंय. फक्त एक अट. या वेळी घोळ नको. मी विचारलं, कुठला घोळ? तिने फिजीच्या ट्रिपपासून सुरुवात केली. मला तेवढ्यात कचऱ्याचे बिन्स बाहेर काढायचे होते.

घोळ होणारच नाही. मी दुधाच्या टँकरांची वेळापत्रकं करतो. अख्ख्या वायकाटोचं दूध माझ्या शीटवर चालतं. तीन माणसं काय अवघड?

८ जून, रविवार

शीट तयार. मिनिटवार. २ ऑगस्ट आओमोरी, ३ हिरोसाकीचा किल्ला, ४ अकिता, ५ मोरिओका, ६ आणि ७ परत आओमोरी. शेवटच्या दिवशी मिरवणूक दुपारी एक वाजता असते, त्यात आम्ही तिघं पोशाख घालून नाचणार. १३.०० ते १३.१० सुलेखा डावीकडे, ऋग्वेदा उजवीकडे. १३.१० ला जागा बदल. शौचालयासाठी ३ मिनिटं, सुलेखासाठी ५.

ऋग्वेदाला शीट दाखवलं. ती म्हणाली, डॅड, यू हॅव शेड्यूल्ड अस लाफिंग. हो, १३.२५ ला फोटो आहे, तेव्हा हसायचंय.

खरं कारण इथेच लिहून ठेवतो. पोरगी सोळाची आहे. दीड वर्षात युनिव्हर्सिटीला डनेडिनला जाईल. हल्ली माझ्याशी तीनच विषयांवर बोलते. वायफाय, गाडीची लिफ्ट आणि माझं काय चुकलं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून नाचायची. एकदा परत तिच्याबरोबर नाचायचंय. खांद्यावर नाही घेता येणार, शेजारी चालेल.

१४ जून, शनिवार. सकाळी ७.००

नाचाचा सराव सुरू. उजव्या पायावर दोन उड्या, डाव्यावर दोन, आणि ओरडायचं रास्सेरा, रास्सेरा. सोपं आहे. संकल्प: रोज एक तास.

सकाळी ७.०६

पोटरीत गोळा. आज एवढंच. स्नायूंना विश्रांती देणं हाही सरावच असतो.

२० जून, शुक्रवार. मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची सुट्टी

अकिताला कांतो बघायचाय. चाळीस-पन्नास कंदील लावलेला उंच बांबू माणसं तळहातावर, कपाळावर, कमरेवर तोलतात. नुसतं बघून मजा नाही, आतून कळायला हवं. बांबू नव्हता म्हणून कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायचा खांब घेतला, त्याला दुधाचे रिकामे कॅन बांधले. बारा. तळहातावर सहा सेकंद राहिला. (ऋग्वेदाच्या व्हिडिओत दोन दिसतात, पण तिने उशिरा सुरू केला.) मग कपाळावर घेतला.

ग्रॅहम कुंपणावरून डोकावून म्हणाला, यू राइट, मेट? म्हटलं, स्वीट अ‍ॅज, म्हणजे एकदम मस्त. खांब त्याच्या फेइजोआच्या झाडात अडकला होता. त्याने काढून दिला. भला शेजारी आहे. कपाळावर टेंगूळ आहे, पण टेंगूळ बरोब्बर मध्यावर आहे, म्हणजे तोल जमला होता.

२९ जून, रविवार

मोरिओकात नूडल्सचा एक प्रकार आहे. वाटीत घासभर वाढतात, संपली की वाढणारी बाई विचारत नाही, सरळ पुढची ओतते. आपण वाटीवर झाकण ठेवेपर्यंत थांबतच नाही. शंभर वाट्या झाल्या की कौतुक होतं. म्हणजे आपल्या पंगतीतला आग्रहच! मी जिलबीच्या पैजेत वाढलेला माणूस. जपानी बाई थकेल.

सराव म्हणून सुलेखाला शेवया वाढायला सांगितल्या. एकवीस वाट्यांनंतर मी झाकण ठेवलं. ती ते उचलून वाढतच राहिली. म्हणाली, आग्रह आहे. सतरा वर्षांत तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. संध्याकाळी इनो.

६ जुलै, रविवार

गरम पाण्याच्या कुंडांसाठी तिघांचे नवे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे आणले. माझ्या टॉग्जवर छोटे किवी आहेत. ऋग्वेदाने फोनवर वाचून सांगितलं की तिथे टॉग्ज चालत नाहीत. काहीच चालत नाही. सगळ्यांनी तसंच उतरायचं.

कुंडं शीटमधून काढली. वेळेअभावी.

१३ जुलै, रविवार. संध्याकाळी ५.००

सुलेखाने तिसऱ्यांदा विचारलं की व्हिसाचं बघितलंस ना. बघितलं, म्हटलं. सरकारी वेबसाइटवर स्वच्छ लिहिलंय, न्यूझीलंडवाल्यांना जपानचा व्हिसा लागत नाही. छापून फोल्डरमध्ये लावलंय, पान ४. ती म्हणाली, नक्की ना? हेच ते. सतरा वर्षांत आपल्या माणसावर विश्वास नाही.

आपला देश छोटा, पण जगात इज्जत आहे. ऊर भरून येतो.

२० जुलै, रविवार

पोशाख पोस्टाने आले. पांढरा सुती झगा, गुलाबी पट्टा, घुंगरं आणि फुलांची टोपी. टोपी ताटाएवढी. घालून जँडल्स (इथल्या रबरी चपला) चढवले आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला गेलो. सराव म्हणून. काउंटरवरच्या पटेलकाकांनी नेहमीसारखं किआ ओरा केलं आणि बघतच राहिले. मी त्यांना दोन उड्या दाखवल्या. त्यांनी दूध स्वतः गाडीपर्यंत आणून दिलं.

ऋग्वेदा गाडीत सीटखाली वाकून बसली होती. पण घरी आल्यावर तिने स्वतःचा पोशाख घालून पाहिला! दार बंद करून, पण घुंगरं ऐकू येत होती. उजव्या पायावर दोन, डाव्यावर दोन. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. बरोबर ठेका होता. मला फार आनंद झाला.

३१ जुलै, गुरुवार. दुपारी ४.००

उद्या उड्डाण. बॅगा तयार. पासपोर्ट पाऊचमध्ये. सुलेखा आणि ऋग्वेदाचे काळे, माझा निळा. सुलेखाने नागरिकत्व घेतलं तेव्हा मी आमच्या डेकवर उभा राहून पाऊण तास बोललो होतो की मी भारतीय पासपोर्ट सोडणार नाही. सॉसेजेस जळाली, पण भाषण रंगलं. अभिषेकनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. तो तेव्हा गुपचूप नागरिक झालेला होता. माणसाला तत्त्व हवं.

शीटची शेवटची प्रत छापली. लॅमिनेट केली. अभिषेकला मेसेज: उद्या निघतोय, उत्तरेला. त्याचा नुसता अंगठा आला. जळला.

१ ऑगस्ट, शुक्रवार. सकाळी ९.५०, ऑकलंड विमानतळ

किरकोळ अडचण. काउंटरवरच्या मुलीने माझ्या पासपोर्टची पानं तीनदा उलटली आणि जपानचा व्हिसा कुठेय विचारलं. मी पान ४ काढून दिलं. ती म्हणाली, सर, हे न्यूझीलंडच्या पासपोर्टसाठी आहे. मी म्हटलं, मी न्यूझीलंडवालाच आहे. रेसिडेंट व्हिसा दाखवला. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवलं. रग्बीची जर्सी घातलीच होती, तिच्याकडे बोट केलं. तिने सुपरवायझरला बोलावलं. तो म्हणाला, आय हिअर यू, मेट. पण ऐकून काही केलं नाही.

सकाळी १०.२०

सुलेखाने पाऊचमधून दोघींचे काळे पासपोर्ट काढून घेतले. मग म्हणाली की तिने मला तीनदा विचारायला नको होतं, स्वतः बघायला हवं होतं. हे ओरडण्यापेक्षा वाईट. मी मोठ्या मनाने ठरवलं की त्या दोघींनी पुढे जावं. ठरवलं आणि वर पाहिलं तर त्यांच्या बॅगा पट्ट्यावरून गेलेल्या होत्या.

ऋग्वेदाने मिठी मारली. म्हणाली, ओह डॅड. एवढंच. माझं चुकलेलं सांगितलं नाही. पहिल्यांदाच.

दुपारी १.१५, घरी

घाबरायचं कारण नाही. नवा प्लॅन: सोमवारी व्हिसाचा अर्ज, मंगळवारी व्हिसा, बुधवारी विमान, गुरुवारी दुपारी एकला आओमोरी. माझी जागा मधली आहे, ती तोपर्यंत रिकामी ठेवता येईल.

२ ऑगस्ट, शनिवार

इथून कंट्रोल करतोय. सुलेखाला सकाळपासून चौदा मेसेज. डब्यात डावीकडची सीट घ्या. ९.४२ ला डोंगर. पाणी प्या. एकालाही उत्तर नाही. नेटवर्क नसणार. संध्याकाळी एक फोटो आला, स्टेशनवर दोघी आइस्क्रीम खातायत. शीटमध्ये आइस्क्रीम नाही.

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी १०.३०

व्हिसाच्या ऑफिसला फोन. बाई फारच सौजन्याने बोलल्या. मला इतकं सभ्यपणे आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. व्हिसाला बरेच कामाचे दिवस लागतात. मी विचारलं, गुरुवारी दुपारी एकच्या आत? त्या म्हणाल्या, कुठल्या गुरुवारी?

नवा प्लॅन नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुलेखाचा फोन. नूडल्सच्या एकशे चार वाट्या! ऋग्वेदाने नाही, तिने स्वतः. वाढणाऱ्या बाईने तिच्याशी हात मिळवला. लाकडी पाटी मिळाली. मी म्हटलं, शीटप्रमाणे साडेअकरालाच पोचलात ना? ती म्हणाली, अरे, ते शीट ऑकलंडच्या काउंटरवरच राहिलं.

म्हणजे पाच दिवस त्या जपानमध्ये शीटशिवाय फिरतायत. विचारलं, काही अडचण? ती म्हणाली, नाही. मग म्हणाली की त्या गरम कुंडांतही जाऊन आल्या.

६ ऑगस्ट, बुधवार

रजा शिल्लक आहे, पण ऑफिसला गेलो. सगळे टँकर वेळेवर होते. मी नव्हतो तरी वेळेवर होते.

वाईट वाटतंय. त्या माझ्याविना अडतील असं वाटलं होतं. अडल्या नाहीत. चांगलंच झालं. तरी वाईट वाटतंय.

७ ऑगस्ट, गुरुवार. दुपारी ३.५०

आओमोरीत आता एकला दहा कमी. पोशाख घातलाय. उगीच नाही, सुरकुत्या पडतात म्हणून. फर्निचर सरकवलं. हीट पंप बंद केला. ऋग्वेदा म्हणालीय की व्हिडिओ कॉल करते. माझा फोन टीव्हीला जोडून ठेवलाय.

दुपारी ४.४५

चार वाजता कॉल आला. रस्ताभर माणसं, मागे तो योद्धा, लाल डोळे, दुमजली घराएवढा. ऋग्वेदा टोपीत, घामाघूम. मला पोशाखात बघून किंचाळली. म्हणाली, डॅड, यू आर सो एम्बॅरसिंग. फोन फिरवून शेजारच्या पाच-सहा अनोळखी बायकांना दाखवला. त्या सगळ्या मला बघून हात हलवायला लागल्या. सुलेखा मागे नाचत होती. लग्नाच्या वरातीतही न नाचलेली सुलेखा. ती ओरडली, अरे, सुरू कर की!

मग ढोल वाढला आणि पोरीने फोन कमरेच्या पट्ट्यात खोचला. कॉल बंद करायला विसरली. स्क्रीनवर नुसतं गुलाबी कापड. पण आवाज येत होता. ढोल, घुंगरं, रास्सेरा आणि त्या दोघींचं खिदळणं.

मी टीव्हीवरच्या त्या गुलाबी कापडासमोर नाचलो. उजव्या पायावर दोन, डाव्यावर दोन. पंचवीस मिनिटं. पोटरी दुखली नाही. मध्येच ती सुलेखाला सांगत होती, आणि चक्क मराठीत, की आई, बाबा असता तर जाम हसलो असतो.

मी हसलो. तिला ऐकू गेलं नसेल.

मग तिची बॅटरी संपली. मी अजून दोन-तीन उड्या मारल्या आणि सोफा जागेवर लावला.