बातमी रविवारी येईल

४ फेब्रुवारी, सोमवार

उद्या अकरा वाजता संपादकांनी केबिनमध्ये बोलावलंय. 'जरा महत्त्वाचं आहे' असं स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगून गेले. एकतीस वर्षांत एकही संपादक माझ्या टेबलापर्यंत चालत आला नव्हता. यावरून काय ते ओळखावं.

अंदाज दोन. एक, क्रीडा विभागप्रमुख हे पद. (विभागात मी एकटाच आहे, पण पद ते पद.) दोन, रविवारचं सदर. सदर दिलं तर विचार करायला दोन दिवस मागायचे. लगेच हो म्हणायचं नाही.

हिला शर्टाला इस्त्री करून ठेव म्हटलं. ही म्हणाली, हात आहेत ना. केली. कॉलर जळली. स्वेटर घालीन.

५ फेब्रुवारी, मंगळवार

पद नाही. सदरही नाही.

संपादक माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान. फार नम्र. स्वतःच्या हाताने पाणी ओतून दिलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. म्हणाले, येत्या सोमवारपासून क्रीडापान एजन्सीकडून तयार येणार. शुक्रवार माझा शेवटचा दिवस. मी विचारलं, मग आपली लीग? आपल्या शाळांचे सामने? ते म्हणाले, सर, तुमच्या भावना समजतात. मी भावना विचारल्या नव्हत्या, लीग विचारली होती.

नंतर ऑफिसच्या बाईंनी पत्र दिलं. त्यात 'कार्यमुक्त'चा मु दीर्घ. लाल पेनाने दुरुस्त करून परत दिलं. बाई म्हणाल्या, तरी सही लागेल. केली.

माझा हिशेब: पंधरा दिवस. जास्तीत जास्त तीन आठवडे. वाचकांचे फोन सुरू झाले की हेच संपादक पुन्हा टेबलापर्यंत चालत येतील. म्हणून हिला सांगायचं नाही. उगाच तिचं ब्लडप्रेशर वाढेल. (ब्लडप्रेशर मला आहे. तरी पण.)

८ फेब्रुवारी, शुक्रवार

निरोप समारंभ, चार ते चार दहा. संपादक चांगलं बोलले, फक्त मला दोनदा 'क्रिकेटचा ज्ञानकोश' म्हणाले. मी फुटबॉलवाला. क्लिक, म्हणजे आमचा फोटोग्राफर, एकटाच रडला. त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे नक्की सांगता येत नाही. एक कुंडी भेट मिळाली. घरी कशी नेणार? समोरच्या टायपिंगवाल्याकडे ठेवली.

ड्रॉवरमध्ये छप्पन्न वह्या निघाल्या. सगळे गोल, मिनिटासकट. बाई म्हणाल्या, रद्दीत टाकू का.  त्या वह्या सध्या क्लिकच्या गाडीत आहेत.

११ फेब्रुवारी, सोमवार

नेहमीप्रमाणे नऊला डबा, बॅग, छत्री घेऊन निघालो. सरळ ग्राउंडवर. पत्र्याच्या शेडमध्ये पत्रकारांसाठी चार खुर्च्या, त्यातली खांबाजवळची माझी. सोमवारी मॅच नसते. माळी चुन्याच्या रेघा मारत होता, ते बघितलं. मधलं वर्तुळ जरा अंड्यासारखं होत होतं, तसं सांगितलं. त्याने पुसून पुन्हा काढलं. पुन्हा तसंच.

फोन दोन आले. एक राँग नंबर. दुसरा क्लिकचा, स्कॅनरचा पासवर्ड विचारायला. म्हणजे माझ्यावाचून अडायला सुरुवात झाली.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ही म्हणाली, ऑफिसच्या रस्त्याने कशाला जाता, ग्राउंड लांब पडतं, शाळेमागून जा. दचकलो. मग लक्षात आलं, बुटांना चुना लागलेला असणार. म्हटलं, हो, हल्ली फिल्डवर्क वाढलंय. ही 'बरं' म्हणाली आणि बॅगेत एक लहान उशी कोंबली. प्लास्टिकच्या खुर्च्या कंबरेला वाईट, म्हणे.

हिला काडीची शंका नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण माणूस मुळात भोळं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

आठवड्याचा आढावा. वाचकांचे फोन: शून्य. लोकांना धक्का पचवायला वेळ लागतो.

संकल्प: पुस्तक. रोज पाच पानं, म्हणजे दोन महिन्यांत तीनशे. आजची प्रगती: नाव ठरलं, अर्पणपत्रिका लिहिली, अनुक्रमणिका झाली, सही थोडी मोठी करून पाहिली. प्रकरण पहिलं, 'माझा जन्म', एका ओळीनंतर अडलं. जन्मतारखेपलीकडे मला त्यातलं काही आठवत नाही.

शेडमध्ये शिट्टी आला होता. आमच्या लीगचा रेफरी, आता रिटायर, रोज मैदानाला चार फेऱ्या मारतो. चाळीस वर्षं त्याने शिट्टी वाजवली, एक पैशाचा लबाडपणा केला नाही. दर मोसमाला मला हसत विचारायचा, आमच्यावर कधी लिहिताय? मी म्हणायचो, जागा झाली की लिहितो. आज त्याने ते विचारलं नाही. अर्धं संत्रं दिलं आणि म्हणाला, आज मॅच नाही, तरी? म्हटलं, मैदानाची पाहणी. 'बरं' म्हणाला. हल्ली सगळेच मला बरं म्हणतात.

पुस्तकात त्याच्यावर एक प्रकरण घालायचं. पंधरावं. क्रमाने येईल.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

शिट्टी गेला. सकाळी फिरायला निघताना बुटाची नाडी बांधायला वाकला, तो उठलाच नाही. क्लिकने फोन करून सांगितलं.

ग्राउंडवर गेलो नाही. मग ऑफिसला गेलो असं वाटावं म्हणून दोन तास बागेत बसलो. उशी होती.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या, दारामागे खिळ्याला रेफरीचा काळा टी-शर्ट इस्त्री करून टांगलेला. जुने खेळाडू आले होते, पोटं सुटलेले, सगळे भिंतीला टेकून उभे. वहिनींनी मला बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, पेपरवाले आलेत, यांना बसायला द्या. एक गोलकीपर उठला.

वहिनींनी विचारलं, लिहाल ना यांच्यावर?

म्हटलं, रविवारी येईल. फोटोसह.

तोंडातून निघून गेलं. एकतीस वर्षांची सवय. पण यात काळजीचं काही नाही. असा लेख कोण नाकारेल?

२३ फेब्रुवारी, शनिवार

नऊशे शब्द एका बैठकीत. जेवायला उठलो नाही. ही ताट झाकून ठेवून गेली. आयुष्यात इतकं चांगलं लिहिलेलं नाही, हे मी स्वतःच म्हणतोय म्हणून खरं. पावसात घोट्याएवढ्या चिखलात शेवटच्या मिनिटाला स्वतःच्या भाच्याविरुद्ध दिलेली पेनल्टी, सगळं आलं. संपादकांना मेलने पाठवला. वर लिहिलं: 'मानधन नको. एकही शब्द कापू नये.' दुसरं वाक्य जरा कडक झालं का? असू दे. त्यांना वजन कळेल.

२४ फेब्रुवारी, रविवार

आला नाही.

परदेशातल्या एका टेनिसपटूच्या कुत्र्याचा फोटो आहे. तीन कॉलम.

२६ फेब्रुवारी, मंगळवार

काल दिवसभरात संपादकांना पाच फोन. मीटिंग, मीटिंग, मीटिंग, जेवण, मीटिंग. आज प्रत्यक्ष गेलो. गेटवर नवा वॉचमन. त्याने वही पुढे केली: नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचं. 'कुठून आलात' यापाशी पेन थांबलं. 'घरून' लिहिलं.

संपादक जिन्यात भेटले. म्हणाले, सर, लेख सुंदर, डोळ्यांत पाणी आलं, पण स्थानिक व्यक्तींवर मोठं काही घ्यायचं नाही असं वरून धोरण आहे. छोटं काहीतरी करतो. मी म्हटलं, निदान चारशे शब्द. ते म्हणाले, बघतो. मग म्हणाले, तब्येत सांभाळा. हे वाक्य मी स्वतः अनेकांना म्हटलंय. त्याचा अर्थ मला माहीत आहे.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आलं. पान सात, तळाशी, बोअरवेलच्या जाहिरातीशेजारी. चार ओळी. 'माजी फुटबॉलपटूचे निधन.'

तो एकही मॅच खेळला नाही. फक्त रेफरी होता. तेवढंच तर होता.

डेस्कला फोन केला. कोणी मुलगी होती. चूक सांगितली. तिने विचारलं, आपण त्यांचे नातेवाईक का?

२ मार्च, शनिवार

लेखाची प्रिंट काढून वहिनींकडे गेलो. सांगायचं ठरवलं होतं की जागेची अडचण झाली, मोठा लेख पुढच्या रविवारी. वाक्य पाठ केलं होतं.

त्यांनी चार ओळी आधीच कापून ठेवल्या होत्या. म्हणाल्या, छान आलंय, तुमचे उपकार झाले.  मग म्हणाल्या, याच फाइलीत लावते, यांची आहे. फाइल उघडली. आत एकच कात्रण. बावीस वर्षांपूर्वीचं, माझ्या नावाचं. 'रेफरीच्या चुकीने चषक हुकला.' यजमान संघाचा बरोबरीचा गोल त्याने ऑफसाइड म्हणून रद्द केला होता, तो ऑफसाइड नव्हताच, असं मी ठासून लिहिलं होतं. त्यानंतर त्याला पुन्हा कधी फायनल मिळाली नाही.

ती फायनल मी पाहिलेली नाही.

हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही, या वहीतसुद्धा नाही. मुलीला त्या दिवशी एकशेचार ताप होता. मी दवाखान्यात होतो. संध्याकाळी हरलेल्या संघाच्या कोचला फोन केला आणि तो सांगेल तसं लिहिलं. बातमी द्यायची होती. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, फर्स्टक्लास रिपोर्ट.

वहिनींना म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी..."

त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुम्ही नव्हता ते. खांबाजवळची खुर्ची रिकामी होती, त्यांना मैदानातून दिसली होती. घरी आले ते हेच विचारत, पेपरवाल्यांच्या घरी सगळं बरं असेल ना. ही मॅच ते सोडायचे नाहीत."

"मग इतक्या वर्षांत मला बोलले का नाहीत?"

"मी म्हटलं होतं, जाऊन भांडा. तर म्हणाले, त्यांनाही रोज निर्णय द्यावा लागतो, एखादा चुकतो."

चहा प्यायलो. काय बोललो आठवत नाही. प्रिंट तिथेच ठेवून आलो की रस्त्यात पडली, तेही आठवत नाही.

३ मार्च, रविवार

हिला सांगितलं. नोकरीचं, शिट्टीचं, सगळं. चहाच्या वेळेस. सुरुवात अशी केली की घाबरू नकोस.

ही म्हणाली, नोकरीचं मला पाच तारखेलाच कळलं. ऑफिसच्या बाईंनी शुक्रवारी ओळखपत्र परत द्यायची आठवण करायला घरी फोन केला होता.

मी विचारलं, मग रोज डबा?

ही म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तोवर उपाशी ठेवू का?"

मग शिट्टीचं कात्रण. ते हिला ठाऊक नव्हतं.  तापाची रात्र हिलाही आठवत होती. मी म्हटलं, त्या वेळी इलाज नव्हता. ही म्हणाली, त्या दिवशी नव्हता. दुसऱ्या दिवशी होता. त्यानंतर बावीस वर्षं होता.

गणिताच्या बाईंपुढे बोलायची सोय नसते.

५ मार्च, मंगळवार

पुस्तक रद्द. अनुक्रमणिका फाडली. सही असलेला कागद हिने किराणा मालाच्या यादीला घेतला.

सकाळी बसून दुरुस्ती लिहिली. पेपरात खुलासे छापतात तशी. 'बावीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्याच्या वृत्तात रेफरीने चुकीचा निर्णय दिल्याचे म्हटले होते. सदर बातमीदार सामन्यास हजर नव्हता. हजर असलेल्या रेफरीने दिलेला निर्णय योग्य मानावा. झालेल्या अन्यायाबद्दल बातमीदार दिलगीर आहे.' खाली पूर्ण नाव.

मोजून अठ्ठावीस शब्द. एवढ्याला जागा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. संपादकांना नको म्हटलं, पुन्हा जिन्यात गाठ पडायची. पेपरच्या वेबसाइटवर 'आम्हाला लिहा' असं आहे, तिथून पाठवली. हिने शुद्धलेखन तपासलं. एक चूक निघाली. माझी.

यावेळी छापतील असं आतून वाटतंय. खुलासा छापणं हे वर्तमानपत्राचं कर्तव्य आहे.

६ मार्च, बुधवार, सकाळी १०

उत्तर आलं. आपोआप येतं ते.

'आपले लेखन मिळाले. आम्ही नवोदित लेखकांना नेहमीच प्रोत्साहन देतो. आपले लेखन विचारात घेण्यासाठी कृपया आपला परिचय पन्नास शब्दांत पाठवावा. परिचयाशिवाय आलेल्या लेखनाचा विचार होणार नाही.'

हिला वाचून दाखवलं. नवोदितला ही हसली. मीही हसलो. मग ही उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली, भांडी नव्हती तरी.

परिचय लिहायला बसलोय. क्रीडा पत्रकार लिहिलं, खोडलं. एकतीस वर्षांचा अनुभव लिहिलं, तेही खोडलं.

'मी मॅच बघतो.'

तीन शब्द झाले. सत्तेचाळीस राहिले.