तोंडासाठी आणलेले थेंब

माय, आज भाकरी थापताना घामानं कपाळ भिजलं आणि तुझी ती थेंबांची बाटली आठवली. उधन्याच्या आपल्या खोलीत तू मागासाठी कांड्या भरायचीस. तुटलेला धागा थुंकीनं ओला करून पिळायचा, तर तुझ्या तोंडात थुंकीच नसायची. भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायचीस, ठेच्याला तर हातच लावायची नाहीस. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीर आपल्याच ग्रंथींवर उलटलंय, म्हणून तोंडही कोरडं आणि डोळेही. त्यावरची गोळी नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आपल्याकडे मिळत नव्हती. मग त्यांनी काचबिंदूचे थेंब पाण्यात घालून प्यायला दिले. "पीने का है, बेन, आँख में नहीं. पसीना आएगा, डरना मत," असं पुन्हा पुन्हा बजावलं. काही दिवसांनी तू ठेच्याशी भाकरी खाल्लीस आणि खाताखाता हसायलाच लागलीस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

डोळे मात्र कोरडेच राहिले. आधी काका गेले तेव्हा तुझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, आणि गावच्या बाया तुझ्या तोंडावर म्हणाल्या होत्या, "हिनं काळीज दगडनं शे." आपल्याकडे माणूस गेलं की दारातच गळ्यात पडून रडायचं असतं, आजारबिजार कोण ऐकून घेतंय? म्हणून आजी गेल्याचा निरोप आला तेव्हा तू आधी बाटली शोधलीस. नंदुरबारच्या गाडीत तू पेल्यात थेंब टाकते आहेस, सांगितले होते त्याहून जास्त, आणि मी तुझा हात धरते आहे. "सोड वं. आज माले रडनं शे," तू म्हणतेस. "कोरडा डोळा लिसन मायना दारशी कशी जाऊ?" कोरडे डोळे घेऊन आईच्या दारात जायला तू तयारच नव्हतीस.

दारात पोचलो तोवर त्या थेंबांनी तुला मळमळत होतं. डोळ्यांत काही आलं नाही. घाम मात्र असा फुटला की केसांतून, कपाळावरून, गालांवरून धारा लागल्या. मामी धावत आली आणि पदरानं तुझं तोंड पुसायला लागली. "रडी ले वं बाई, रडी ले." बाया तुझ्याभोवती गोळा झाल्या. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस आणि मामीच्या खांद्यावर डोकं टाकलंस. मी बाटली पिशवीत खोल सारली. आपलीच आई गेलेल्या बाईला दुःख दाखवायला औषध प्यावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

आता ती गोळी मिळते. तुला तिचा काय उपयोग! हे पत्र तरी कुठे टाकणार. पिठाच्या डब्याखाली ठेवून देईन. एक सांगायचं राहिलं होतं. तू गेलीस तेव्हा माझे डोळे धडधाकट होते, तरी पाणी आलं नाही. मे महिना होता, कपाळावरून घाम ओघळत होता. मामी पदर घेऊन आली, आणि मी तिला तो पुसू दिला.