तोलून दिलेलं मीठ

सोमवार, ४ मार्च
यांना डॉक्टरांकडे नेऊन आणलं. हृदय थोडं दमलंय म्हणे. गोळ्या, आणि मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. रोज सकाळी वजन करून लिहायचं, आठवड्यात दोन किलो वाढलं तर लगेच फोन. हे बापुडवाणा चेहरा करून ऐकत होते. मी वही काढली. एकतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमच्या चुका पकडल्या, हे तर साधं मीठ. यांचं वजन ८२. चौऱ्याहत्तरवर आणून दाखवीन. त्याच ओघात माझेही पाच किलो उतरवीन.

मंगळवार, ५ मार्च
मिठाची बरणी कपाटात, किल्ली माझ्याकडे. दोघांचं दिवसाचं मीठ छोट्या डब्यात, काट्यावर तोलून. हे म्हणाले, भाजी मिळमिळीत झालीय. मी म्हटलं, चव जिभेला लागते, हृदयाला नाही.

शनिवार, ९ मार्च
निम्मं ताट तसंच ठेवतात. घास उतरत नाही म्हणे. तोड काढली: पाकिटातलं सूप. गरम पाण्यात ढवळलं की झालं. पाकिटावर सडपातळ बाईचा फोटो आणि ‘हलकं’ असं मोठ्या अक्षरात. दिवसातून तीनदा. मला त्याची चव सोसत नाही, मी पीत नाही. हे वाटी निपटून पितात. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा म्हणाले, छान झालंय.

बुधवार, १३ मार्च
मी दीड किलोनं कमी. हे ८३.१. एकच भाजी, एकाच डब्यातलं मीठ. दोन नमुने सारखे ठेवले आणि उत्तर वेगळं आलं, तर एका नमुन्यात भेसळ आहे. हे बाहेर खातात.

शुक्रवार, १५ मार्च
स्वतःच्या चपलांच्या दुकानातून नवा जोड घालून आले. आठाचा नंबर नऊ झाला. विचारलं तर म्हणाले, जुना आवळतो. मोज्याचा वळ घोट्यावर तसाच. बोटानं दाबलं तर खड्डा पडतो आणि भरून येत नाही. पायालाही चरबी चढते, हे मला नवीन.

शनिवार, १६ मार्च
यांना लिफ्ट बंद. तीन मजले चालत. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबतात. तळमजल्यावरच्या बाई वर येऊन म्हणाल्या, अहो, त्यांना धाप लागतेय, बघा तरी. मी सांगितलं, थांबायला निमित्त हवं असतं, आणि गप्पांना माणूस.

सोमवार, १८ मार्च
८४.४. डॉक्टरांना फोन करून काय सांगू, नवरा चोरून खातो? आधी चोर पकडते, मग फोन. मुलीनं फोनवर डोकं खाल्लं. आई, वाढलं की कळवा म्हणालेत ना ते. तिच्या समाधानासाठी गुरुवारची वेळ घेतली.

बुधवार, २० मार्च
दुकानात जाऊन गल्ल्याखालचे खण तपासले. पॉलिशच्या डब्या, लेस, मोजे. कागदात गुंडाळलेलं काहीतरी सापडलं, ते निघालं बूट घालायचं शिंग. चोर पक्का आहे.

संध्याकाळी घरी आले तसं यांना दारातच उभं केलं. काय खाता, कुठे, कधीपासून. तासभर उभ्यानंच नाही नाही. मग एकदम म्हणाले, “हो. खातो मी. दुकानासमोर. तळलेलं.” रोज? हो. दोनदा? हो. सगळ्याला हो. मला अगदी हलकं वाटलं. उद्याची डॉक्टरांची वेळ रद्द केली. कारण सापडल्यावर तिथे जाऊन काय करायचं?

शनिवार, २३ मार्च
माफ केलं. मात्र जेवण निम्मं, दुकान बंद, सूप चार वेळा. रात्री खुर्चीत बसूनच झोपतात. आडवं झालं की गुदमरतं म्हणतात. मन खात असेल.

सोमवार, २५ मार्च
८७.९. घराबाहेर पाऊल नाही, तरी वाढ. पूर्वीचं खाल्लेलं आता अंगी लागत असावं. काटा तपासून घेतला. बरोबर आहे.

बुधवार, २७ मार्च. हॉस्पिटल
सकाळी न्हाणीघराच्या दारात कोसळले. ओठ निळे. डॉक्टरांनी माझी वही मागितली. आकडे वाचले, विचारलं, फोन का नाही केलात? मी चोरीचं सांगितलं. ते म्हणाले, ही चरबी नाही, पाणी आहे. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि हे हृदय ते उपसू शकत नाही. मी डब्याचं सांगितलं, तोलून, दशांशापर्यंत. आणखी काय देता, विचारलं. पर्समध्ये दुपारच्या सुपाचं पाकीट होतं. त्यांनी ते उलटं केलं आणि एका ओळीवर बोट ठेवून मला परत दिलं. एका पाकिटात दोन ग्रॅम मीठ. बारीक अक्षर होतं, पण चष्मा माझ्या नाकावरच होता.

रविवार, ३१ मार्च
नऊ किलोंच्या वर पाणी काढलं. खाली माणूस उरला ७८.६ चा. बाहेरचं तळलेलं खाणारा माणूस तीन किलोनं झडत नाही. मूत्रपिंडंही आता साथ देत नाहीत. डॉक्टर म्हणाले, त्या गुरुवारी आणलं असतं तर. मुलगी निघाली आहे.

मी यांना विचारलं, काही खाल्लं नव्हतं, तर हो कशाला म्हणालात?

बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग मास्क थोडा बाजूला केला.

“तू थांबत नव्हतीस गं. आणि मला खाली बसायचं होतं.”