बरणीतली दगडाची राख

पप्पा,

आज राखेचा बुधवार. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली आणि तशीच शाळेत गेले, पिशवीत तुमची बरणी घेऊन. सातवीला ज्वालामुखी शिकवायचा होता. मुलांच्या तळहातावर त्यातली राख चिमूट चिमूट ठेवली. "खरखरते ना? डोळ्यांना हात लावू नका. ही लाकडाची राख नाही. आत कोंडलेल्या वायूने पर्वत फोडला, त्या दगडाचा नि काचेचा हा चुरा."

तुम्ही बोटीवरून सुट्टीला आलात तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. सांडोरच्या आपल्या स्वयंपाकघरात मी तुमच्या बॅगेत चॉकलेटं शोधतेय आणि हाताला लागतेय ही बरणी. मी फुगून बसले. आईने तर कमालच केली! कीड पडली की चुलीतली राख भुरभुरायची सवय. अर्धी बरणी वांग्यांवर रिकामी करून मोकळी. तुम्ही पाण्याची नळी घेऊन धावलात, "अगं, चुलीतली नव्हे ती! पानं खराब होतील!" आई म्हणाली, "राख ती राख. एवढ्या लांबून राख कोण आणतं?" मग पायरीवर बसून तुम्ही मला सांगितलंत: बोटीजवळच ज्वालामुखी फुटलेला, भर दुपारी समुद्रावर काळोख, तोंडाला ओलं फडकं, डेकवरची राख फावड्याने ढकलताय, भिजली की ती सिमेंटसारखी जड. किनाऱ्यावरच्या घरांची छपरं तिच्या वजनाने खाली बसली. आणि हळूच म्हणालात, "फार घाबरलो होतो बाय. तुझं नाव घेऊन रडलो."

आज एकाने विचारलं, "टीचर, ही तुम्ही आणली?" मी हो म्हणाले. का म्हणाले, देव जाणे! मग बोट माझी, काळोख माझा, ओलं फडकंही माझंच. मुलं आ वासून ऐकत होती, मलाही चेव चढला. बोळिंजहून येणारी एक मुलगी आहे, तिचे वडील सध्या बोटीवरच असतात. तिने विचारलं, "टीचर, तिथे भीती वाटते का हो?"

"छे! अजिबात नाही."

ती खाली बघत म्हणाली, "माझे पप्पा तर फोनवर रडतात." मागची पोरं फिदीफिदी हसली. तिने मान वर केली नाही, आणि मी फळा पुसत राहिले. शरमेने मेल्यासारखं झालंय, पप्पा. तुमचं रडणं तेवढं मी गाळलं, आणि तिला हवं होतं नेमकं तेच.

तुम्ही देवाघरी, हे पत्र कुठे टाकणार? बरणीखाली ठेवतेय. उद्या वर्गात सगळ्यांसमोर खरं सांगेन, असं शेवटी लिहिणार होते. पण मला भीती वाटते.