बराकीपुढचं दगडांचं गाव

११ जानेवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोलले की खोलीतल्या बाकीच्या शिपाई बायका दचकून उठतात, तेव्हा आपलं पत्रच बरं. गुडघ्याला शेक घेतेस ना? की शेजारणीला सांगतेस आणि स्वतः विसरतेस?

आज कामासाठी लिहितेय. आमच्या या बायकांच्या तुरुंगात आयांबरोबर त्यांची लहान मुलंही राहतात, हे तुला माहीत आहे. सहा वर्षांची होईपर्यंत राहू देतात. त्यातली निम्मी इथेच जन्मली. मध्ये कोणीतरी खेळण्यांची पेटी दिली होती, पण एका गाडीतली तार काढून बराकीत लपवलेली सापडली आणि पेटीला कुलूप लागलं. आता मुलं दिवसभर, सगळ्यांना मोजून बराकीला बाहेरून कडी लागेपर्यंत, पायरीवर बसतात आणि नळाच्या मोरीत पानं सोडतात.

मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी मला सांगितलं, की अंगणात काहीतरी खेळ बसव, पण लाकूड नको, लोखंड नको, दोरी तर नकोच. मग राहिलं काय? मागच्या भिंतीशी टाकीच्या बांधकामातले गुळगुळीत दगड पडलेत, आणि फाटक रंगवून उरलेले रंग आहेत. तू जन्मभर बालवाडी चालवलीस. एवढ्यात काय होईल ते सांग.

इथे एक मुलगी आहे, पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळ्या तिला भिंगरी म्हणतात. परवा तिने कॅलेंडरवर बसचं चित्र पाहिलं आणि मला विचारलं, की या लांब घरात किती बायका कोंडल्यात.

तुझीच,
पिटुकली

---

१९ जानेवारी

चि. पिटुकलीस,
पोटभर आशीर्वाद.

फाटकाएवढी उंच शिपाईण अजून स्वतःला पिटुकली म्हणवते हे तुझ्या कैद्यांना कळलं, तर तुझा धाक संपला म्हणून समज. मी कोणाला सांगणार नाही. गुडघा आहे तसाच आहे.

खेळ सोपा आहे. दगड मोठे घे, मुलांना दोन हातांनी उचलावे लागतील असे, म्हणजे जागचे हलणार नाहीत. साबणाने घासून उन्हात चांगले वाळू दे. आधी सगळ्यांना पांढरा हात मार, मग वर चित्रं. कुत्रा, बस, दुकान, नदी, पूल, झाड, घर. अंगणात वेडंवाकडं गाव मांड. मुलाने एक छोटी चपटी चकती फेकायची, ती ज्या दगडाजवळ पडेल तिथे उड्या मारत जायचं आणि चित्र सांगेल ते करायचं. कुत्रा असेल तर भुंकायचं. बस असेल तर मागच्याला बसवून पुढे न्यायचं. नदी असेल तर कपडे गुडघ्यापर्यंत उचलून पलीकडे. घरावर पोचलं की बसून घ्यायचं, त्याचा डाव झाला.

दोन गोष्टी सांभाळ. चित्रं तू काढू नकोस, तुझी गाय टेबलासारखी दिसायची. आणि कुत्रा कसा असतो, नदी कशी असते, हेही तू सांगू नकोस. त्यांच्या आयांना सांगू दे.

तुझी,
मावशी

---

२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

खेळ चालला गं! मॅडमनी माझी सही घेऊन परवानगी दिली, दगडांची जबाबदारी माझी.

चित्रं भिंगरीच्या आईने काढली. ती शिवणखात्यात आहे. बोलते कमी, पण हात असा स्थिर, की कुत्र्याच्या मिशासुद्धा मोजून घ्याव्यात. घराचा दगड तिने सगळ्यात शेवटी घेतला आणि त्यावर चार दिवस घालवले. निळं दार, दोन पायऱ्या, खिडकीत उलटी ठेवलेली बादली. मी विचारलं, बादली कशाला? ती म्हणाली, होती तिथे.

तू म्हणालीस तसंच झालं. आधी बायका भिंतीला टेकून नुसत्या बघत होत्या. मग एकीने सांगितलं की नदी अशी दोन उड्यांत ओलांडत नाहीत, ती रुंद असते. दुसरी म्हणाली, आमची तर उन्हाळ्यात चपलेच्याही वर येत नाही. दोघी तिथेच भांडल्या. चार वर्षांचा एक पोरगा आहे, सगळ्यांना हुकूम सोडतो म्हणून त्याला मुकादम म्हणतात. तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, की दोन्ही नद्या ठेवा.

भिंगरी बसवर गेली की उतरतच नाही. सगळ्यांना घेऊन अंगणभर फिरते.

पण मे महिन्यात ती सहाची होईल. आईची अजून बरीच वर्षं बाकी आहेत. नवऱ्याला मारल्याचा गुन्हा आहे तिच्यावर, त्यामुळे सासरचे पोरीचं तोंड बघायला तयार नाहीत, आणि माहेरी कोणी उरलेलं नाही. म्हणजे तिला बालगृहात पाठवणार. आईला हे माहीत आहे.

तुझी,
पिटुकली

---

१० मार्च

चि. पिटुकलीस,
आशीर्वाद.

दोन दिवस तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग सुचलं ते लिहिते. ती मुलगी माझ्याकडे दे. घरात मी एकटी, दोन खोल्या, शाळा कोपऱ्यावर. गुडघा धरला तरी एका पोरीचं जेवणखाण मला जड नाही. तुझी आई गेल्यावर तुला वाढवलंच की, आणि तू काही कमी द्वाड नव्हतीस. कुठे अर्ज करायचा ते कळव. तिच्या आईला विचार मात्र. तिने नको म्हटलं तर विषय संपला.

तुझी,
मावशी

---

२८ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा अर्ज परत आला, हे तुला त्यांनी कळवलं असेलच. वय जास्त, घरात दुसरं माणूस नाही, आणि तुरुंगातल्या कर्मचाऱ्याची नातेवाईक. यातलं शेवटचं कारण मी आहे. भिंगरीच्या आईने हो म्हटलं होतं. तुझ्या घराचं दार कोणत्या रंगाचं आहे एवढंच तिने विचारलं होतं.

काल मी भिंगरीला बालगृहात पोचवून आले. आईने सकाळी तिची वेणी घातली, ती सोडली, पुन्हा घातली. फाटकापर्यंत आली नाही.

मावशी, त्या पोरीने गाडीत काय केलं सांगू? पहिल्यांदा कुत्रा दिसला तेव्हा ती मोठ्याने भुंकली. ड्रायव्हर हसला. बस दिसली तेव्हा माझा हात घट्ट धरला, आणि आपल्याला आत घेतील का असं विचारलं. मग पूल आला. खाली पाणी होतं. ती सीटवर उभी राहिली आणि फ्रॉक गुडघ्याच्या वर धरला, पूल संपेपर्यंत. मग विचारलं, की घर कधी येणार, माझा डाव कधी होणार. मी खिडकीबाहेर बघत बसले.

परत आले तर तिची आई शिवणखात्याच्या दारात उभी होती. तिने एकच विचारलं, रडली का? मी म्हटलं, नाही, अजिबात नाही, सगळं बघत, हसत गेली. तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं, आणि खरंही तेच होतं. तिने मान हलवली आणि मशीनवर जाऊन बसली.

तुझी,
पिटुकली

---

६ जून

चि. पिटुकलीस,
आशीर्वाद.

अर्ज परत आल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मी घेतलंय तेवढं पुरे.

एक गोष्ट मात्र बोलल्यावाचून राहवत नाही. पोर रडली असं तू तिला सांगायला हवं होतंस. खोटं बोलायला मी तुला कधी शिकवलं नाही, पण तेवढं शिकवायचं राहिलं असं आता वाटतं. सहा वर्षं जिला उराशी धरलं, ती हसत गेली, हे त्या बाईने कुठे ठेवायचं? तिच्यावर लक्ष ठेव. तिच्यावर चिडू नकोस आणि तिला समजवायलाही जाऊ नकोस.

पत्राचं उत्तर लगेच पाठव. जीवाला घोर लागलाय.

तुझी,
मावशी

---

१ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. कपाळाला टाके पडले होते, डोळा सुजून बंद होता. आता बरी आहे, घाबरू नकोस. इथून पुढचं वाचलंस की हे पत्र चुलीत घाल.

भिंगरीच्या आईने मला दगड मारला.

मुलं खेळत होती. मुकादमाची चकती घरापाशी पडली, म्हणून तो उड्या मारत गेला आणि त्या दगडावर बसला. ती शिवणखात्यातून आली, त्याला बाजूला ढकललं आणि दगड उचलून छातीशी धरला. मी जवळ जाऊन म्हटलं, खाली ठेव, ते घर मुलांचं आहे. दुसरं काहीही म्हणता आलं असतं. तोंडातून हेच निघालं. तिने दोन्ही हातांनी तो माझ्या कपाळावर घातला.

मग तीच खाली बसली. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि आपली बाही जखमेवर दाबून धरली, बाकीच्या येईपर्यंत.

मॅडमनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, की दगडाला अडखळून पडले. तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं. खरं सांगितलं असतं तर तिच्यावर आणखी एक खटला, आणखी वर्षं, आणि पोरीची भेटही बंद. मॅडमनी तिच्या रक्ताने भरलेल्या बाहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्या खुळ्या नाहीत. म्हणाल्या, तू पडलीस असंच असेल तर दगड धोक्याचे आहेत, ते इथे राहणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी हातगाडी आली. मुलांना वाटलं हा नवीन खेळ आहे. दोघादोघांनी मिळून एकेक दगड उचलून गाडीत घातला, आणि मुकादम कमरेवर हात ठेवून कोणता आधी, कोणता नंतर ते सांगत होता. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ती सगळी रिकाम्या अंगणात उभी राहिली, आणि आता पुढे काय करायचं असं मला विचारायला लागली.

दगड माझ्या सहीने आले होते, म्हणून माझी बदली झाली. पुरुषांच्या तुरुंगात, बाहेरच्या फाटकावर, दोन दिवसांच्या प्रवासावर. निघताना मी शिवणखात्यात डोकावले. तिने मशीनवरून मान वर केली नाही.

बालगृह तुझ्या घरापासून एका बसच्या अंतरावर आहे. तुरुंगातली कर्मचारी म्हणून मला तिथे जायला मनाई आहे. तुला नाही. जाशील?

तुझी,
पिटुकली

---

२२ जुलै

चि. पिटुकलीस,
कपाळावरून हात फिरवून आशीर्वाद.

तुझं पत्र जाळलं. तू मॅडमना जे सांगितलंस त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. टाक्यांना पाणी लागू देऊ नकोस.

मी काल जाऊन आले. जागा वाईट नाही. भिंती स्वच्छ, खिडक्या मोठ्या, मागे मोकळं मैदान. सांभाळणाऱ्या बाई दमलेल्या आहेत, पण माणूस चांगला आहे. भिंगरीची उंची वाढली असावी, फ्रॉक तोकडा झालाय. तुझी मावशी म्हणून सांगितल्यावर तिने आधी माझे हात बघितले आणि किल्ल्या कुठे आहेत असं विचारलं. नाहीत म्हटल्यावर जरा नाराज झाली.

जेवणं झाल्यावर मुलांना दुपारी आडवं करतात. सगळी झोपली, ही खाटेच्या पायथ्याशी उभी. हात बाजूला, मान सरळ. बाईंनी सांगितलं, की रोज दुपारी अशीच, रात्रीही अशीच. समजावलं, रागावलं, मांडीवर घेऊन बघितलं, काही उपयोग नाही. शेवटी उभ्या उभ्या पेंगून खाटेवर कोसळते, मग त्या तिला नीट निजवतात. मी जवळ जाऊन विचारलं, का गं झोपत नाहीस? माझ्यासारख्या म्हातारीला एवढंही कळत नाही, अशा समजुतीच्या सुरात तिने सांगितलं, "अजून मोजलं नाही."

पिटुकले, मी तीस-पस्तीस वर्षं मुलांची हजेरी घेतली. पण अशी कधी घेतली नव्हती. दारापासून सुरुवात केली, एकेका डोक्याला हात लावत मोठ्याने मोजत गेले. झोपलेली मुलं चुळबुळली. हिच्यापाशी आले तेव्हा तिने आपला आकडा स्वतःच म्हटला आणि लगेच खाटेवर चढली. मग कूस वळवून मला सांगितलं, आता बाहेरून कडी लाव.

मी बाईंकडे बघितलं. त्या दुसरीकडे बघायला लागल्या. मी बाहेर गेले आणि कडी लावली. जोरात लावली, तिला ऐकू जावी म्हणून. हात कडीवरच ठेवून उभी राहिले. बाईंनी खिडकीतून बघून खूण केली, की झोपली. मग त्यांनी हळूच कडी काढली.

तिला यातून बाहेर काढायला हवं हे मला कळतं. बाईही तेच म्हणाल्या, सवय मोडायला हवी. मोडू. पण काल ती नीट झोपली. दर गुरुवारी येते असं मी त्यांना सांगितलंय. भिंगरी बरी आहे, जेवते, उंच होतेय, एवढं तिच्या आईला कळवायला मॅडमना लिहिलंय. बाकीचं लिहिलेलं नाही.

तिकडे फाटकावर वारा लागत असेल, कान बांधून उभी राहा. माझ्यावरची माया कमी करू नकोस, आणि अक्षर जरा मोठं काढत जा, आता दिसत नाही.

तुझी,
मावशी